शाबासकीचे ठोके

हिरवा लागला आणि सिग्नलच्या खांबातून घाईघाईने टकटक सुरू झाली. ताम्पेरे शहराच्या प्रत्येक चौकात ती असते. लाल असताना संथ, हिरवा झाला की भराभर, म्हणजे ज्याला दिसत नाही त्यालाही रस्ता मोकळा झाल्याचं कळावं. इल्पो केतोलाच्या कानांना हा आवाज इतका सवयीचा होता की एरवी तो त्याला ऐकूही येत नसे, पाय आपोआप उचलले जात. आज पाय उचलले गेले नाहीत. जेवणाच्या सुट्टीतून कचेरीकडे परतणारी माणसं त्याला वळसा घालून पुढे गेली. बाबागाडी घेऊन आलेली एक बाई थांबली आणि म्हणाली, "हिरवा आहे." इल्पोने मान डोलावली. "बरं वाटतंय ना तुम्हाला?" बाईने विचारलं. "हो, हो. तुम्ही जा," तो म्हणाला. ती गेली, पण पलीकडच्या फुटपाथवरून तिने एकदा वळून पाहिलं. मग लाल लागला, टकटक संथ झाली आणि इल्पोच्या लक्षात आलं, की आपण डाव्या हाताने खांब घट्ट धरला आहे. खांबाच्या आतला ठोका तळहाताला जाणवत होता, कोटाच्या बाहीतून तो कोपरापर्यंत चढत होता. मोटार चालवण्याच्या परवान्यासाठी लोकांची परीक्षा घेण्यात त्याची सारी नोकरी गेली होती. हिरवा लागल्यावर गाडी जागची हलवली नाही म्हणून त्याने कितीतरी पोरांना नापास केलं होतं. "भीती वाटली," असं कोणी म्हटलं की तो सांगे, "भीतीचं कारण दिसत असेल तर थांबायचं. दिसत नसेल तर निघायचं."

कारण त्याला दिसत होतं. सकाळी किम्मोचा फोन आला होता. किम्मो म्हणजे इल्पोच्या मुलाच्या, नीलोच्या, आइस हॉकी टीमचा कोच. शनिवारी हंगामातली घरच्या बर्फावरची पहिली मॅच होती. "एक मिनिट शांतता काय, सगळेच पाळतात," किम्मो म्हणाला. "पोरांचं म्हणणं, नीलोला शांततेचा कंटाळा यायचा. त्याच्यासाठी ठोकायचं. दोन्ही टीमचे बाक, स्टॅंडमधले लोक, सगळे. सुरुवात तू करायचीस." फोनमध्ये किम्मोच्या किटलीचा आवाज येत होता. "ऐकतोयस ना?" "थांबायचं कधी?" इल्पोने विचारलं. "म्हणजे?" "ठोकणं थांबवायचं कधी?" "एका मिनिटाने. वर घड्याळ लावू की." "एरवी खेळाडू उठला की थांबतात," इल्पो म्हणाला. किटलीचा आवाज बंद झाला. मग किम्मोने इल्पोच्या बायकोचं नाव काढलं, "मेर्याला विचार. आज रात्री सांगितलंस तरी चालेल."

खेळाडू उठला की थांबतात. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण आइस हॉकी खेळणारं पाच वर्षांचं पोरही तो जाणतं. समोरच्याने गोलवर मारलेला फटका कोणी स्वतःच्या अंगावर झेलला, की त्याच्या बाजूचा अख्खा बाक उभा राहतो आणि बर्फाभोवतीच्या कठड्यावर स्टिका आपटू लागतो. टाळ्या नाहीत, ओरडणं नाही, नुसता लाकडावर लाकडाचा ठोका. गोल मारणाऱ्याला मिठ्या मिळतात, फटका झेलणाऱ्याला हे ठोके. त्यात शाबासकी असते आणि थोडी थट्टाही असते, की ऊठ बाबा, आम्ही बघितलं तू काय केलंस ते, आता ऊठ. नीलो लहान असताना हॉकीची रबरी चकती अंगावर यायला लागली की तोंड फिरवायचा. सगळीच फिरवतात, पण नीलो डोळे मिटून खांद्यात मान घालायचा आणि इल्पोला, का कोण जाणे, त्याची लाज वाटायची. इमारतीच्या मागच्या अंगणात, वसंतात बर्फ वितळून खडी उघडी पडली की, तो नीलोला भिंतीसमोर उभा करी आणि त्याच्या अंगावर टेनिसचे चेंडू मारी. "तोंड फिरवू नकोस. तोंड फिरवलंस की लागतं. छाती समोर कर. छातीला काही होत नाही, तिथे पॅड असतं." "आत्ता कुठे पॅड आहे, बाबा?" "आत्ता चेंडू आहे." नीलो हसायचा आणि हसताना डोळे उघडे राहायचे. असा तो शिकला. इल्पोला त्यातली एखादी दुपार आठवते तेव्हा अंगणातल्या दोरीवर कोणाचे तरी गालिचे वाळत घातलेले दिसतात, ओल्या खडीचा वास येतो, आणि चेंडू छातीवर आदळल्याचा आवाज येतो, मऊ, काही न होणारा.

फेब्रुवारीतल्या, नीलोच्या शेवटच्या मॅचमध्ये इल्पो बाकावरच होता. नीलो ज्युनियरच्या सगळ्यात वरच्या टीममध्ये गेला तसा इल्पो टीमचं सामान सांभाळायला लागला होता. स्केटला धार लावायची, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, मोडलेल्या स्टिकच्या जागी नवी द्यायची. पोरं त्याला साहेब म्हणत. "साहेब, माझ्या स्केटला धार नाही." "वळताना आरशात बघितलंस का? नापास." हे सगळं ठरलेलं होतं, रोजचं होतं. समोरच्या टीमच्या सतरा नंबरने लांबून फटका मारला तेव्हा नीलो एका गुडघ्यावर बसला, तोंड समोर, छाती समोर. आवाज मोठा झाला नाही. उशी झटकावी तसा झाला. चकती बाजूला घरंगळली, नीलो उठला, बाकाच्या दिशेने स्केटचे दोन रेटे मारले. त्याचा चेहरा वर होता. बाक केव्हाच उभा राहिला होता आणि कठडा दणाणत होता. कप्तान आल्पी ओरडला, "बापावर गेलाय, बापही रोज लोकांच्या परवान्याला आडवा येतो," आणि सगळे हसले. इल्पोच्या हातात नीलोचीच जादा स्टिक होती. तिचं टोक तो कठड्यावर आपटत होता आणि त्या क्षणी तो जितका सुखात होता तितका, त्याला वाटतं, लग्नाच्या दिवशीही नव्हता. नीलो खाली बसला. मग कुशीवर आडवा झाला, झोपायला जागा शोधावी तसा.

अशा वेळी बाकावर एकच वाक्य बोललं जातं: हवा अंगणात गेली. छातीला दणका बसला की श्वास बाहेर पडतो आणि क्षणभर परत येत नाही. घाबरायचं नसतं. अंगणात गेलेली हवा आपली आपण घरात येते, तेवढा वेळ माणसाला द्यायचा असतो, त्याच्याभोवती गर्दी करायची नसते. कोणीतरी ते वाक्य बोललं. मग इल्पोनेही म्हटलं, "हवा गेलीय अंगणात, येईल." आणि तो ठोकत राहिला. पंच नीलोपासून थोडा दूर, कमरेवर हात ठेवून उभा होता. तोही हवेची वाट पाहत होता. पंचाने हात वर केल्याशिवाय बाकावरच्या माणसाने बर्फावर पाऊल ठेवायचं नसतं, आणि इल्पोने आयुष्यात कधी असं पाऊल ठेवलं नव्हतं. पुढे झालं ते सगळं झालं. पंचाचा हात, कोणाचं तरी ओरडणं, कॅफेजवळच्या भिंतीवरून काढून आणलेलं हृदयाला झटका देणारं यंत्र, त्या यंत्रातून येणारा बाईचा शांत आवाज, जो सांगत होता की आता कोणीही रुग्णाला स्पर्श करू नये. ते त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवतं आणि त्याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो त्याआधीच्या वेळेचा, ज्यात काहीच घडत नव्हतं आणि तो आनंदात होता.

हॉस्पिटलातली डॉक्टर तरुण होती आणि चांगली होती. तिने त्यांना बसवलं, स्वतःही बसली. "हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात एक अगदी अरुंद फट असते," ती म्हणाली. "बाहेरचा ठोका नेमका त्या फटीत पडला तर हृदयाची लय मोडते. ते नुसतं थरथरत राहतं. तुमच्या मुलाचं हृदय निरोगी होतं. पॅडही नीट होतं. जरा आधी किंवा जरा नंतर लागलं असतं तर निळा डाग उठला असता, बस." बाहेरचा ठोका, आतला ठोका. दोन्हींना एकच शब्द आहे हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं, येण्याचं कारणही नव्हतं. इल्पोला मात्र तिसरा, कठड्यावरचा ठोका ऐकू येत होता आणि त्याबद्दल तिने काहीच म्हटलं नाही. निघताना मेर्याला पुढे जाऊ देऊन त्याने दारात विचारलं, "शुद्ध किती वेळ असते?" "काही क्षण. काही जण दोन पावलंही टाकतात." "आणि लगेच कोणी पोचलं तर?" डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं. ती खोटं बोलणारी नव्हती. "लगेच पोचलं तर बरेच जण वाचतात," ती म्हणाली. "पण बघणाऱ्यांना ते कळत नाही. सगळीकडे असंच होतं. दम कोंडलाय असं वाटतं." 'सगळीकडे' हा शब्द त्याच्या डोक्यात राहिला. जगात सगळीकडे माणसं कमरेवर हात ठेवून हवेची वाट पाहत उभी आहेत.

किम्मोचा फोन आला त्या संध्याकाळी इमारतीच्या सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, त्यांची पाळी होती. इतक्या वर्षांत ती दोघं सॉनात फारसं बोलली नव्हती. तिथे बोलायचं नसतं, आणि बोललंच तर खरं बोलायचं असतं, कारण अंगावर काही नसतं आणि अंधार असतो. मेर्याने डावाने तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं, वाफ छताला लागून त्यांच्या पाठींवर उतरली. पाळणाघराच्या स्वयंपाकघरात दिवसभर काम करून तिचे हात कोपरापर्यंत लाल असत. नीलो गेल्यापासून तिचे खांदे अरुंद झाले आहेत असं इल्पोला वाटलं. त्याने किम्मोचं म्हणणं सांगितलं. ते सांगताना, तिनेच नको म्हणावं अशी वाट तो पाहत होता.

"करा म्हणावं," मेर्या म्हणाली.

"शांतता बरी, असं मला वाटतंय."

"शांतता आहे की घरात. अजून किती हवी?" तिने पुन्हा पाणी टाकलं. दगड फसफसले. ते शांत होईपर्यंत ती थांबली. "मी ते रेकॉर्डिंग बघते," ती म्हणाली. "तू झोपलास की. बघते म्हणजे, बघत नाही. फोन उलटा ठेवते आणि ऐकते."

मॅचचं रेकॉर्डिंग क्लबच्या पानावर होतं हे इल्पोला माहीत होतं. क्लबने ते काढलं असेल असं त्याने गृहीत धरलं होतं. मॅचच्या दिवशी ती कामावर होती. नीलोचं शेवटचं जे काही तिच्याकडे होतं ते त्या फोनमध्ये होतं.

"काय ऐकतेस?"

"ठोके. ते छान वाटतात रे ऐकायला. सगळे त्याला शाबासकी देतायत. मग एकेक जण थांबतो, आणि शेवटी एकटाच माणूस ठोकत राहतो." ती अंधारात त्याच्याकडे वळली. "तो तू आहेस. मला कोणी सांगितलं नाही. घरी खिळा ठोकतोस तसंच, दोन जवळ आणि एक लांब. बाकी सगळे थांबले तरी तू थांबला नव्हतास."

इल्पोच्या नाकावरून घाम ओघळून ओठांवर आला. रेकॉर्डिंगमध्ये शेवटचा ठोका आपला आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. आपण इतरांइतकंच ठोकलं असा त्याचा हिशेब होता, आणि त्या हिशेबावर तो गेले काही महिने कसाबसा उभा होता. म्हणजे बाकीची पोरं थांबली होती. त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना काहीतरी दिसलं होतं, कळलं नसेल, पण दिसलं होतं, आणि त्यांचे हात खाली आले होते. आणि बाप ठोकत होता.

"त्याला ऐकू आलं असेल ना?" मेर्याने विचारलं. "तेवढंच सांग मला. तू डॉक्टरला विचारलं होतंस. मी पुढे गेले होते, पण तुला काहीतरी विचारताना ऐकलं."

"आलं," इल्पो म्हणाला.

"नक्की?"

"चेहरा बाकाकडे होता त्याचा. ऐकत होता."

ते खोटं नव्हतं. मेर्याने डाव बादलीत ठेवला, त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली आणि रडली, पण फेब्रुवारीत रडली होती तशी नव्हे. बऱ्याच दिवसांनी कुठे तरी टेकायला मिळालेल्या माणसासारखी रडली. ज्याच्यावर ती टेकली होती ते काय आहे हे इल्पोला माहीत होतं, आणि ते हलू नये म्हणून तो श्वाससुद्धा बेताने घेत बसून राहिला. वर आल्यावर त्याने किम्मोला फोन केला. "चालेल," म्हणाला. "दोघांना चालेल."

शनिवारी हॉल भरला होता. ज्युनियरच्या मॅचला इतके लोक कधी येत नाहीत. कॅफेत कॉफी संपली, मग सॉसेजही संपले. मेर्या स्टॅंडच्या तिसऱ्या ओळीत बसली होती, तिच्या शेजारी पाळणाघरातल्या दोघीजणी होत्या. तिने नीलोचा मफलर घातला होता. बाकावर आल्पीने इल्पोला जवळ घेतलं, पोरं घेतात तसं, खांद्यावर खांदा आपटून. "साहेब, आज पास कर आम्हाला," तो हळूच म्हणाला. इल्पो म्हणाला, "सीटबेल्ट लाव." आल्पी हसला. दिवे मंद झाले, दोन्ही टीम बाकांवर उभ्या राहिल्या, किम्मोने माइकवरून नीलोचं नाव घेतलं, बाकी काही नाही. इल्पोने स्टिक उचलली आणि कठड्यावर आपटली.

पहिला ठोका एकटा गेला आणि छताखाली जाऊन परत आला. दुसऱ्याला आल्पी आला, तिसऱ्याला बाक, मग समोरचा बाक, आणि मग स्टॅंडमधल्या लोकांनी पायाखालच्या लोखंडी पायऱ्यांवर बूट आपटायला सुरुवात केली. हॉल एखाद्या मोठ्या यंत्रासारखा चालू झाला. तो आवाज कानांनी ऐकायचा राहिला नाही. दातांत, पोटात, पायांच्या हाडांत तो चालला होता. वर घड्याळाचे आकडे उतरत होते. इल्पोने मेर्याकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते. चेहरा वर केला होता. इतक्या गोंगाटात ती एकच आवाज शोधत होती आणि तो तिला सापडला होता, हे तिच्या मानेच्या लयीवरूनच कळत होतं: दोन जवळ, एक लांब. आपल्याला फक्त इतकंच करायचं आहे, इल्पोने स्वतःला सांगितलं. घड्याळ शून्यावर येईपर्यंत ठोकायचं. तेवढं तिला द्यायचं. मग त्याची नजर बर्फावर गेली. बर्फ ताजा धुतलेला होता, त्यावर एक रेघही नव्हती, आणि त्यावर कोणीही पडलेलं नव्हतं. कोणीही पडलेलं नसताना सगळे ठोकत होते. त्याही दिवशी असंच होतं, त्याच्या मनात आलं. आपण ठोकत होतो तेव्हा तिथे कोणी नव्हतंच. दोन रेट्यांनंतर तिथे कोणी नव्हतं.

त्याचा हात थांबला. त्याने थांबवला नाही, तो थांबला. स्टिक कठड्यावर टेकून राहिली आणि भोवतालचे ठोके तिच्यातून त्याच्या तळहातात येत राहिले. हॉलमध्ये कोणाच्याही लक्षात आलं नाही. शेकडो ठोक्यांतला एक कमी झाला. तिसऱ्या ओळीत मेर्याने डोळे उघडले. आधी तिने घड्याळाकडे पाहिलं, मिनिट संपलं का ते पाहायला. संपलं नव्हतं. मग तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. अंतर बरंच होतं, दिवेही मंद होते, तरी तिच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट निघून जाताना त्याला दिसली. तो डॉक्टरला दारात काय विचारत होता, त्या दिवशी एकटा का ठोकत होता, किती वेळ ठोकत होता, आणि त्या वेळात काय करता आलं असतं, हे सगळं तिला आता, या गोंगाटात, कळलं होतं. तिच्या शेजारच्या दोघी बूट आपटत होत्या. मेर्याचे पाय स्थिर होते. भोंगा वाजला तेव्हा लोक थांबले, खाली बसले, कोणीतरी नाक शिंकरलं. दिवे लागले.

मॅच सुरू झाली. इल्पोने बाटल्या भरल्या, एकाची मोडलेली स्टिक बदलून दिली. वर पाहिलं नाही. पहिल्याच भागात आल्पी गोलसमोर बसला आणि फटका त्याच्या बरगडीवर आदळला. उशी झटकावी तसा आवाज झाला. बाक उभा राहिला. सवयीने स्टिका वर गेल्या, आणि वरच राहिल्या. कोणीही ठोकलं नाही. सगळी पोरं एकाच वेळी इल्पोकडे पाहत होती. हॉल इतका शांत झाला की बर्फाखालची थंडाव्याची यंत्रं ऐकू येऊ लागली. आल्पी उठला. आपलं काही चुकलं की काय, अशा नजरेने त्याने बाकाकडे पाहिलं आणि बरगडी धरून धडपडत आला, कठड्याचं दार ढकलून आत बसला. "काय झालं? असे काय बघताय?" तो म्हणाला. "हवा गेली होती अंगणात, बस." इल्पो त्याच्यासमोर वाकला. त्याने आल्पीच्या गळ्याचा संरक्षक पट्टा सैल केला आणि जबड्याखाली, घामाने निसरड्या झालेल्या कातडीवर, दोन बोटं ठेवली. तिथे ठोका होता. भरभर, बेफिकीर, एकामागून एक, कोणाच्याही शाबासकीची वाट न पाहता तो चालला होता.

"इल्पो," आल्पी हळूच म्हणाला. साहेब नाही म्हणाला. "मी बरा आहे. हात काढ."

"काढतो," इल्पो म्हणाला. आल्पीला पुन्हा बर्फावर पाठवायला किम्मोने त्याचा नंबर पुकारला, पंचाने शिट्टी वाजवली. इल्पोची बोटं तिथेच होती.